मागे न वळणारा शोध

१९७५ सालच्या जून महिन्यात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या मासिकात एक आठ पानी निबंध छापून आला. आल्फ्रेड अहो आणि मार्गारेट कोरासिक अशी लेखकांची नावे. काम झाले होते अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत. ट्रान्झिस्टर जिथे जन्मला आणि युनिक्स जिथे लिहिली गेली, तीच ही संस्था. निबंधाच्या शीर्षकात मात्र ना टेलिफोन होता ना इलेक्ट्रॉनिक्स. शीर्षकात होते ग्रंथसूचीतला शोध सोपा करण्याचे साधन.

प्रश्न ग्रंथालयाचा होता. शोधनिबंधांच्या शीर्षकांची मोठी सूची संगणकात होती आणि ग्रंथपालाला तीतून काही शीर्षके निवडून हवी असत. मागणी एका शब्दावर भागत नसे. हा शब्द असावा, त्याबरोबर या चारपैकी एखादा असावा, तो दुसरा मात्र नसावा, अशा अटी घातल्या जात. पंधरा-वीस शब्द सहज होत. पहिला प्रोग्राम सरळसोट पद्धतीने लिहिलेला होता आणि तो चालतही होता, पण शब्द वाढले की वेळ वाढे. त्या काळी संगणकाच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवला जाई. शोधण्याची पद्धत तेवढी बदलली आणि तोच प्रोग्राम पाच ते दहा पट वेगाने धावू लागला. यंत्र तेच होते, सूचीही तीच.

हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे. माझ्या मते संगणकशास्त्रात इतक्या थोड्या सामग्रीत इतके काम करणाऱ्या कल्पना फार नाहीत. शिवाय ही कल्पना समजायला गणिताची पदवी लागत नाही, कागद आणि पेन्सिल पुरते.

आधी सरळसोट पद्धत पाहू. शोधायचा शब्द मजकुराच्या पहिल्या अक्षरापाशी ठेवायचा आणि एकेक अक्षर जुळवत जायचे. जुळले नाही तर शब्द एक घर पुढे सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवायला लागायचे. शब्द हजार असतील तर हाच उद्योग हजार वेळा. दहा लाख अक्षरांच्या मजकुरात हजार शब्द असे शोधायचे म्हटले, तर किमान शंभर कोटी तुलना होतात. मजकूर दुप्पट झाला की दोनशे कोटी, त्यावर शब्दही दुप्पट झाले की चारशे कोटी.

या पद्धतीचा खरा दोष संथपणाच्या मुळाशी आहे. ती मिळालेले ज्ञान टाकून देते. ‘नगर’ शोधताना न आणि ग जुळले, पुढे र ऐवजी भलतेच अक्षर आले, तर आपण एक घर सरकून पुन्हा ग वाचतो. ते अक्षर ग आहे हे आपल्याला आधीच कळलेले असते, तरीही आपण ते नव्याने विचारतो. असेच दुसऱ्या शब्दासाठी, तिसऱ्यासाठी. मजकुरातले एकच अक्षर हजारो वेळा वाचले जाते आणि दर वेळी जणू पहिल्यांदाच.

एका शब्दापुरता हा दोष १९६९ मध्येच जेम्स मॉरिस यांच्या ध्यानात आला होता. ते एका संगणकासाठी टेक्स्ट एडिटर लिहीत होते आणि मजकुरात मागे जावे लागू नये अशी त्यांना निकड होती. पुढे मॉरिस, व्हॉन प्रॅट आणि स्टॅनफर्डचे डोनाल्ड नूथ या तिघांच्या नावावर एक पद्धत रूढ झाली. तिच्यावरचा निबंध १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी ती जाणकारांत आधीपासून माहीत होती. शब्दाचा स्वतःशीच असलेला संबंध आधी तपासून ठेवायचा, म्हणजे जुळणी फसली की कुठून पुढे चालायचे ते तयार असते, हे तिचे सार. अहो आणि कोरासिक यांनी हेच सूत्र एका शब्दावरून शब्दांच्या समूहावर नेले. शब्दांचे एकमेकांशी असलेले संबंध आधी तपासून ठेवायचे. मग मजकूर फक्त एकदा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, मागे वळून न पाहता वाचायचा.

आता प्रत्यक्ष एक यंत्र बांधू. शोधायचे शब्द पाच घेऊ: नगर, गर, गरज, रजनी आणि जन. कागदाच्या वरच्या बाजूला एक गोल काढा. हे मूळ. ‘नगर’साठी मुळापासून खाली न, त्याखाली ग, त्याखाली र असे तीन गोल काढून रेषांनी जोडा. ‘गर’साठी मुळापासून दुसरी फांदी, ग आणि र. ‘गरज’ला नवी फांदी लागत नाही. ‘गर’ची फांदी आहेच, तिच्या टोकाला ज जोडला की झाले. ‘रजनी’ची तिसरी फांदी: र, ज, न आणि शेवटी दीर्घ ईची वेलांटी, कारण संगणकाच्या लेखी वेलांटी हे वेगळे चिन्ह असते. ‘जन’ची चौथी. ज्या गोलांवर एखादा शब्द पुरा होतो, त्यांवर खूण करा. मूळ धरून तेरा गोल झाले. अशा झाडाला संगणकशास्त्रात ट्राय म्हणतात. प्रत्येक गोल म्हणजे ‘आतापर्यंत काय वाचले’ याची एक आठवण आहे. ‘नग’ या गोलावर आपण उभे आहोत याचा अर्थ एवढाच, की वाचलेली शेवटची दोन अक्षरे न आणि ग होती.

एवढ्यावर मात्र भागत नाही. ‘नगर’वर पोचलो आणि पुढचे अक्षर ज निघाले, तर काय करायचे? ‘नगर’च्या खाली काहीच नाही. सरळसोट पद्धत इथे मुळाशी परतली असती आणि मजकुरातही मागे गेली असती. अहो-कोरासिक यंत्र मजकूर सोडत नाही. ते स्वतःला विचारते, की मी आताच न-ग-र वाचले आहे, तर या अक्षरांचा सर्वांत लांब असा कोणता शेवट दुसऱ्या एखाद्या शब्दाची सुरुवात होऊ शकतो? उत्तर आहे ‘गर’. म्हणून ‘नगर’ या गोलापासून ‘गर’ या गोलाकडे एक तुटक रेषा काढायची. मूळ निबंधात हिला फेल्युअर फंक्शन म्हटले आहे. आपण तिला माघारीची वाट म्हणू. माघार होते ती झाडातल्या झाडात. मजकुरावरचे बोट जिथे आहे तिथेच राहते.

प्रत्येक गोलाला अशी एक वाट असते. ‘नग’पासून ‘ग’कडे, ‘गर’पासून ‘र’कडे, ‘गरज’पासून ‘रज’कडे, ‘रज’पासून ‘ज’कडे, ‘रजन’पासून ‘जन’कडे, ‘जन’पासून ‘न’कडे. उरलेल्या सगळ्या थेट मुळाकडे. या वाटा काढायची युक्ती फार देखणी आहे. झाड वरून खाली, थराथराने भरत यायचे. ‘नगर’ची वाट काढायची असेल तर त्याच्या पालकाची, म्हणजे ‘नग’ची, वाट आधीच ठरलेली असते. ती ‘ग’कडे जाते. आता ‘ग’च्या खाली र आहे का ते पाहायचे. आहे, म्हणून ‘नगर’ची वाट ‘गर’कडे. नसता, तर ‘ग’च्या वाटेने आणखी वर जाऊन तिथे विचारले असते. वरच्या थरांचे उत्तर तयार असल्याने खालच्या थराचे उत्तर दोन-चार पावलांत मिळते. मजकूर अजून उघडलेलाही नसतो. हे सगळे काम केवळ शब्दांच्या यादीवर होते आणि त्याला लागणारा वेळ शब्दांच्या एकूण लांबीच्या प्रमाणात असतो.

एक बारीक गोष्ट राहिली. ‘नगर’वर पोचलो की ‘नगर’ तर सापडलेच, पण त्याच्या पोटात ‘गर’ही सापडले. त्यामुळे प्रत्येक गोलाने स्वतःच्या खुणेबरोबर आपल्या माघारीच्या वाटेवरच्या खुणाही सांभाळायच्या. ‘रजन’वर स्वतःची खूण नाही, पण त्याची वाट ‘जन’कडे जाते, म्हणून तिथे पोचताच ‘जन’ सापडल्याची नोंद होते. ही तरतूद विसरली तर यंत्र पोटातले शब्द मुकाट गाळते आणि चूक सहसा लक्षातही येत नाही.

यंत्र तयार. आता त्याला ‘नगरजनांना’ हा शब्द वाचायला देऊ. न आला, ‘न’वर गेलो. ग आला, ‘नग’वर. र आला, ‘नगर’वर. इथे दोन नोंदी झाल्या, नगर आणि गर. ज आला. ‘नगर’खाली ज नाही, म्हणून तुटक रेषेने ‘गर’वर. तिथे ज आहे, ‘गरज’वर गेलो आणि तिसरी नोंद झाली. न आला. ‘गरज’खाली न नाही, तुटक रेषेने ‘रज’वर, तिथे न आहे, ‘रजन’वर. चौथी नोंद, जन. पुढे काना आला. ‘रजन’खाली वेलांटी आहे, काना नाही. मग ‘जन’वर, तिथे नाही. ‘न’वर, तिथेही नाही. शेवटी मूळ. पाच अक्षरांत चार शब्द सापडले आणि मजकुरातले एकही अक्षर दुसऱ्यांदा वाचावे लागले नाही.

‘नगरजनांना’ या शब्दात ‘गरज’ आहे का? अक्षरांच्या हिशेबाने आहे, अर्थाच्या हिशेबाने नाही. हे यंत्र अर्थ जाणत नाही. पूर्ण शब्दच हवे असतील तर सापडलेल्या जागेच्या मागेपुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आहे का हे नंतर तपासावे लागते. ती तपासणी स्वस्त असते, कारण ती फक्त सापडलेल्या ठिकाणी करायची असते.

कुणालाही शंका येईल की या माघारींचे काय? एका काना चिन्हासाठी तीन वेळा माघार घ्यावी लागली. लांब शब्दांत शंभर वेळा घ्यावी लागली तर? याचे उत्तर मला या संपूर्ण विषयातले सर्वांत समाधानकारक वाटते. झाडात आपण मुळापासून किती खोल आहोत तेवढे पाहा. मजकुरातले एक अक्षर पुढे गेल्याने खोली वाढते ती फार तर एकाने. प्रत्येक माघारीने ती किमान एकाने घटते. जेवढे उतरलो त्याहून जास्त चढता येत नाही. म्हणून साऱ्या माघारींची बेरीज मजकुराच्या अक्षरसंख्येपेक्षा जास्त होऊच शकत नाही. दहा लाख अक्षरे असतील तर पुढची आणि माघारीची मिळून पावले वीस लाखांच्या आत. शब्द पाच असोत वा पाच हजार, हा आकडा बदलत नाही. वेळ लागलाच तर तो सापडलेल्या नोंदी लिहून काढण्याचा. शंभर कोटी आणि वीस लाख यांतले अंतर मनात आणा, म्हणजे त्या ग्रंथपालाच्या अडचणीवर किती मोठे उत्तर मिळाले ते कळेल.

माघारीही नको असतील तर प्रत्येक गोलावर प्रत्येक संभाव्य अक्षरासाठी ‘पुढे कुठे’ हे आधीच लिहून ठेवता येते. मग दर अक्षराला नेमके एक पाऊल. त्याची किंमत मोजावी लागते ती जागेत. बाइटच्या २५६ शक्यतांसाठी चार-चार बाइटचे रकाने धरले, तर एका गोलाला एक किलोबाइट लागतो. लाखभर गोलांना सुमारे शंभर मेगाबाइट. गेल्या पन्नास वर्षांत या पद्धतीवर झालेल्या कामाचा मोठा भाग हे तक्ते दाबून लहान करण्यात खर्च झाला आहे.

आल्फ्रेड अहो यांनी हे यंत्र युनिक्समध्ये एफग्रेप नावाच्या आज्ञेत आणले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर ते जगभरच्या विद्यापीठांत पोचले. शब्दांची यादी एका फाइलीत द्यायची, मजकूर दुसऱ्या फाइलीत, आणि यादीतला कोणताही शब्द असलेल्या ओळी पडद्यावर येतात. ग्रेप ही मूळ आज्ञा केन थॉम्पसन यांची, तीही बेल लॅब्जमधलीच. अहो पुढे ऑक या भाषेच्या तीन निर्मात्यांपैकी एक झाले, आणि कंपायलरच्या पायाभूत कामासाठी जेफ्री उलमन यांच्यासह त्यांना २०२० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पद्धतीचा प्रवास मात्र ग्रंथालयापुरता राहिला नाही. विषाणूंच्या खुणा फाइलींमध्ये शोधणाऱ्या क्लॅमएव्ही या मुक्त प्रोग्रामात ती आहे. जाळ्यावरून येणाऱ्या प्रत्येक पाकिटात हल्ल्याच्या खुणा तपासणाऱ्या स्नॉर्टमध्येही आहे. मार्टिन रोश यांनी स्नॉर्ट १९९८ मध्ये लिहिला. चार अक्षरांत लिहिलेल्या डीएनएच्या लांबलचक साखळीत अनेक तुकडे एकदम शोधायचे असतील, तरी हीच पद्धत उपयोगी पडते.

हिला प्रतिस्पर्धी आहेत. रॉबर्ट बॉयर आणि जे मूर यांनी १९७७ मध्ये शब्द शेवटाकडून तपासण्याची पद्धत मांडली. न जुळणारे अक्षर दिसले की ती मजकुरातली अक्षरे न वाचताच कित्येक घरे ओलांडते. बीआटे कोमेंट्झ-वॉल्टर यांनी १९७९ मध्ये हा उड्या मारण्याचा गुण अनेक शब्दांच्या झाडाशी जोडला. १९९० च्या दशकात अॅरिझोना विद्यापीठातल्या सुन वू आणि उदी मॅनबर यांनी आणखी वेगवान पद्धत दिली. शब्द लांब आणि यादी बेताची असेल तर या पद्धती अहो-कोरासिकला मागे टाकतात. पण उडीची लांबी यादीतला सर्वांत आखूड शब्द ठरवतो. दोन अक्षरांचा एक शब्द यादीत आला की उड्या संपल्या. दुसरे असे, की साधारण मजकुरात वेगाने पळणारी पद्धत मुद्दाम रचलेल्या मजकुरात अडखळू शकते. सुरक्षेच्या प्रोग्रामासमोर मजकूर रचणारा खुद्द हल्लेखोर असतो. तिथे ‘बहुधा वेगवान’ चालत नाही, ‘कधीही यापेक्षा संथ नाही’ अशी हमी लागते, आणि वीस लाख पावलांचा तो हिशेब ही हमी देतो. म्हणूनच माझे मत अहो-कोरासिकच्या बाजूने पडते.

आणखी एका कारणाने हा विषय मराठीत यायला हवा. मराठीत एक शब्द शोधणे हेच मुळात अनेक शब्द शोधणे असते. विभक्ती लागली की सामान्यरूप होते आणि शब्दाचे अंग बदलते. ‘पाऊस’ शोधला तर ‘पावसात’, ‘पावसाने’, ‘पावसाळा’ यांतले काहीच सापडत नाही. ‘पावस’ हे दुसरे रूप यादीत घालावे लागते, मग रत्नागिरीजवळचे पावस गावही सापडते आणि ते नंतर वेगळे काढावे लागते. ‘पाणी’बरोबर ‘पाण्या’, ‘मूल’बरोबर ‘मुल’, ‘विहीर’बरोबर ‘विहिर’, ‘कापूस’बरोबर ‘कापस’. जुनी पुस्तके असतील तर प्रश्न वाढतो. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम येण्याआधी उच्चारात नसलेले अनुस्वारही लिहिले जात. ‘नाव’ शोधणाऱ्याने ‘नांव’ही शोधले पाहिजे. नाहीतर निम्मे विसावे शतक हाती लागणारच नाही.

त्याखाली आणखी एक थर आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे नोंदवता येतो. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य असे टंकते, कुणाच्या जुन्या कळफलकातून साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असे येते. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधीचा मजकूर अ आणि अर्धचंद्र असा दोन चिन्हांत असू शकतो. उत्तम मार्ग म्हणजे शोधण्याआधी मजकूर आणि शब्द दोन्ही एकाच साच्यात आणणे. मजकूर बदलण्याची मुभा नसेल, तर सगळी रूपे यादीत घालावीत. एका शब्दाची आठ-दहा रूपे झाली तरी यंत्राच्या पावलांची मर्यादा तीच राहते.

यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे होते, आणि त्यातला पहिला बाइट नेहमी एकच, दुसरा दोनांपैकी एक. त्यामुळे बाइटवर चालणाऱ्या यंत्राचे देवनागरी झाड तिप्पट खोल होते, पण पहिल्या दोन पायऱ्यांवर फारसे फाटे फुटत नाहीत. ही पद्धत अशी रचली आहे की एका अक्षराच्या मध्यापासून दुसरे अक्षर चुकून सुरू झालेले दिसत नाही. म्हणून इंग्रजीसाठी लिहिलेले अहो-कोरासिक यंत्र एक ओळही न बदलता मराठीवर बिनचूक चालते. यूटीएफ-८ची रचना १९९२ मध्ये केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह केली, तीही बेल लॅब्जमध्येच.

मराठीची डिजिटल ग्रंथालये, शब्दकोश आणि संतवाङ्मयाच्या सूची बनवणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. शोधपेटीत वाचकाने टाकलेला शब्द जसाच्या तसा शोधू नका. त्याची सामान्यरूपे, जुनी लेखने आणि युनिकोडमधले पर्याय यांची यादी पाठीमागे तयार करा आणि ती सगळी एकदम यंत्राला द्या. अहो-कोरासिकची तयार, मुक्त अंमलबजावणी पायथन, जावा, रस्ट, सी अशा जवळपास सर्व प्रचलित भाषांत मिळते. ज्यांना नुसते करून पाहायचे आहे त्यांना तेवढेही नको. लिनक्सवर ग्रेप असतेच. एफग्रेप हे जुने नाव आता टाळावे असा इशारा २०२२ पासून मिळतो, पण ग्रेपला मोठा एफ हा पर्याय दिला की काम तेच होते, आणि लहान एफनंतर यादीच्या फाइलीचे नाव द्यायचे. ‘पाऊस’ आणि ‘पावस’ असे दोन शब्द दोन ओळींवर लिहा आणि घरातल्या एखाद्या मराठी पुस्तकाची मजकूर-फाइल त्या यादीसमोर ठेवा.